मी न म्हटलेलं तीन वार

१

हे मला लिहायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. माझी थोरली, म्हणजे मोठी मुलगी, हिनं कोरे कागद आणि पेन माझ्यापुढं आणून ठेवलं आणि म्हणाली, बाबा, घडलं ते सगळं लिहून काढा, तोंडी सांगितलेलं चालणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून तिथं थांबलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. ज्यानं जन्मभर तोंडाच्या जिवावर घर चालवलं त्याच्या हातात पेन देतेस होय, असं मी तिला ऐकवून पाहिलं. तिनं टोपण काढून पेन माझ्या बोटांत अडकवलं. हट्ट तिच्यात माझ्याकडूनच गेलाय, त्यामुळं बोलायची सोय नाही.

तर लिहितो. ज्याला पटणार नाही त्यानं कागद खाली ठेवावा. मी कुणाचं मन वळवायला बसलेलो नाही.

मी लाकडाच्या वखारीत लिलाव पुकारायचो. ओंडके, तुळया, फळ्या. मागं करवत चालू असायची, ट्रक भरत असायचे, आणि तरी शेवटच्या ढिगाजवळ उभ्या माणसाला माझा शब्द न शब्द ऐकू जायचा. कर्णा मी कधी हातात धरला नाही. पण मोठा आवाज काय, गाढवालाही असतो. माझी करामत आवाजात नव्हती, थांबण्यात होती. एक वार. दोन वार. आणि मग ती मोकळी जागा. तीन वार कधी पडणार हे कुणाला म्हणजे कुणाला कळायचं नाही. व्यापारी माझ्या ओठांकडे बघायचे, गळ्यातल्या घाटीकडे बघायचे, श्वास घेतो का ते बघायचे. कुणी घाबरून बोली वाढवायचा, कुणी नुसताच आवंढा गिळायचा. त्या जागेवर मालकाचा बंगला उभा राहिला. एक जुना व्यापारी बाकीच्यांना सांगायचा, हा गडी स्वतःलाही विचारत नाही, तो तुम्हाला काय कळू देणार. मी ते ऐकलं होतं. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

२

थोरली ज्या कचेरीत आहे तिथं वायरलेस सेट बनतात. खाणीत, बोगद्यात, बोटीवर, जिथं फोन लागत नाही तिथले. तिथं आवाज जायला वाट फार अरुंद. म्हणून आवाज आधी बारीक करायचा, पाठवायचा, आणि पलीकडं पुन्हा होता तसा करायचा. पहिल्याला ती एन्कोड म्हणते, दुसऱ्याला डिकोड. मी म्हणतो बांधणं आणि सोडणं. गाठोडं बांधा, गाठोडं सोडा. ती म्हणाली, चालेल.

हे बांधायचं-सोडायचं काम करणारा प्रोग्राम दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. त्याला म्हणे लायब्ररी. पुस्तक एकही नाही, मी विचारून घेतलं. ती आपल्या प्रोग्रामात जोडायची आणि तिला आवाजाचे बारके बारके तुकडे भरवत राहायचं. हे जोडकाम कचेरीत एकट्या थोरलीला जमत होतं. मी हे शेजारच्या सगळ्यांना सांगितलं होतं, ज्यांना नको होतं त्यांनाही.

मी तिला विचारलं, सामान तेवढंच आणि पिशवी लहान, मग बांधताना टाकतेस काय? ती म्हणाली, माणूस बोलत असतो तेव्हा पुढचा तुकडा मागच्यांवरून बराचसा ओळखता येतो. प्रोग्राम आधी अंदाज करतो. अंदाज जिथं चुकेल तेवढी चूक फक्त पाठवायची. पलीकडचाही तोच अंदाज करतो, त्यात ही चूक मिसळतो, की झाला आवाज तयार.

"म्हणजे माणसाचं जे ओळखता येत नाही, तेवढंच जातं?"

"तेवढंच. तेवढंच तुमचं, बाबा. बाकीचं त्याला माहीत असतं."

मला हे फार आवडलं. सगळ्यांत मोठं गाठोडं माझंच निघणार, याबद्दल मला शंका नव्हती.

३

तपासणीसाठी तिला वेगवेगळ्या गळ्यांची माणसं हवी होती. मला घेऊन गेली. कचेरीच्या आत एक कपाटाएवढी खोली होती. भिंतींना काळा फोम, जमिनीला सतरंजी, एका बाजूला जाड काच, आणि काचेपलीकडं थोरलीचं टेबल. दार लावलं की बाहेरचं सगळं तोडून टाकल्यासारखं व्हायचं. मी एकदा मुद्दाम खणखणीत हाक मारली. ती भिंतींनी खाऊन टाकली. माझ्या आवाजाला कुणी खाल्लेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. आत एक लाकडी खुर्ची होती, हललं की कुरकुरायची. लाकूड कच्चं होतं, सांगून टाकलं.

मी वर्तमानपत्र वाचलं, वखारीतले किस्से सांगितले, थोडं पुकारलं. बाहेर आलो तर थोरली कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. माझं गाठोडं सगळ्यांत लहान निघालं होतं.

तिच्या वरचा साहेब तिथं उभा होता. त्याला मी गुळचट म्हणतो, कारण तो रागावला तरी गोड बोलतो, आणि गोड बोलला की समजायचं काहीतरी गेलं. तो म्हणाला, काका, काय स्वच्छ आवाज आहे तुमचा, कमीत कमी जागेत बसतो. मी त्याचा काका नाही. पण आवाज स्वच्छ आहे म्हटल्यावर मी मान ताठ करून घरी आलो आणि बायकोला सांगितलं की कॉम्प्युटरनंसुद्धा पावती दिली.

रात्री जेवताना एवढं मात्र मनात आलं, की लहान गाठोडं म्हणजे कमी चुका. म्हणजे तो मला ओळखत होता. मी पाणी प्यायलो आणि विषय झटकून टाकला.

४

त्यानंतर थोरली मला दुपारी बऱ्याचदा नेऊ लागली. दर वेळी गाठोडं आणखी लहान. मी मुद्दाम मध्येच अडखळलो, मध्येच शिंकलो, उलटं बोललो. लहानच.

मग एका दुपारी ते रिकामं निघालं. फाइलीत काहीच नाही. थोरली म्हणाली, काहीतरी अडलं, लिहिलंच गेलं नाही. सवयीनं तिनं ते सोडायला लावलं, आणि टेबलावरच्या स्पीकरच्या पेटीतून माझा आवाज आला. पूर्ण. वर्तमानपत्रातली त्या दिवशीची बातमी, मी जिथं अडखळलो तिथंच अडखळत. मध्ये खोकला. आणि खोकल्याच्या मागं खुर्चीची कुरकुर.

मी खोकतो कसा हे त्याला ओळखता येईल, एक वेळ मान्य करू. पण खुर्ची?

मी म्हटलं, कुठली तरी वायर लागून राहिली असेल. टेबलाखाली वाकून मी स्वतः बघितलं. आतल्या खोलीची वायर काढून हातात धरली आणि म्हटलं, आता लाव. ती रिकामी फाइल पुन्हा बोलली. मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो, आणि डोक्यावर मी बातम्या वाचत होतो.

थोरलीनं आवाज बंद केला. खोटं वाटेल, पण मला भीतीच्या आधी राग आला. माझ्याकडून काही न घेता माझं काम करणारा हा कोण?

५

दोषाचं कारण थोरलीनं दोन-तीन दिवसांत शोधलं. मला हिशेब लावून समजावलं तेव्हा जरा जिवात जीव आला.

प्रत्येक नवं बोलणं बांधायच्या आधी प्रोग्रामची मागची आठवण पुसायची असते. पण पुसली की पहिला शब्द खरखरीत यायचा, हे माझ्या कानानं पकडलं होतं आणि मीच तिच्यामागं भुणभुण लावली होती. म्हणून तिनं पुसणंच बंद केलं. पहिल्या दिवसापासून माझं एकूण एक बोलणं त्याला आठवत होतं. असं करायचं नसतं, ती म्हणाली, नवशिकीसुद्धा करणार नाही.

तिनं सगळं पुसलं. सगळ्यांचे आवाज पुन्हा बांधून बघितले. बाकीच्यांची गाठोडी पहिल्यासारखी भरली. माझं रिकामंच राहिलं.

आणि ते गुळचटानं बघितलं. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं आणि तेच वाईट होतं. रिकाम्या फाइलीतून आवाज येत नसतो. येतोय म्हणजे थोरलीनं मूळ रेकॉर्डिंग प्रोग्रामाच्या पोटात लपवलंय, गिऱ्हाइकांपुढं मिरवायला. बापाला घेऊन रचलेलं नाटक. हे सगळं तो चहा पाजत पाजत बोलला. राजीनामा तुम्हीच द्या, म्हणजे तुमचं नाव खराब व्हायचं नाही, असंही म्हणाला.

माझी पोर भांडली नाही, रडली नाही. आता मी पुन्हा एकदा सगळ्यांसमोर करून दाखवते, एवढंच म्हणाली. मला तिथं उठून तिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. मारली नाही. तिला आवडत नाही.

६

ठरलं ते असं. मी आत बसायचं. माईक फक्त तिच्या प्रोग्रामला जोडायचा, मूळ आवाज कुठंही साठवायचा नाही. गाठोडं दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर जाणार आणि तिथल्या पेटीतून आवाज येणार. तो आवाज माझा की नाही हे ओळखायला माझ्या बायकोला बोलावलं, कारण माझं बोलणं तिच्याएवढं कुणी सोसलेलं नाही, हे तिचंच वाक्य. आणि आधी लपवून ठेवल्याचा संशय नको, म्हणून काय बोलायचं ते ऐनवेळी गुळचट ठरवणार. त्यानं कोपऱ्यातली आपली छत्री उचलून माझ्या हातात दिली.

"काका, हिचा लिलाव करा."

मी मनात वेगळंच ठरवून आत गेलो. मला काहीही करून ते गाठोडं भरायचं होतं. भरलं तर प्रोग्राम सरळ आहे हे दिसेल, पोरीवरचा आळ जाईल, आणि मलाही त्या डब्याला दाखवून देता येईल की याचा पुढचा शब्द तुझ्या हातात नाही. म्हणून मी जे आयुष्यात एकदाही केलं नाही ते करणार होतो. दोन वार म्हणायचं आणि लिलाव तसाच सोडून द्यायचा. तीन वार म्हणायचंच नाही, म्हणजे त्याचा अंदाज चुकणारच.

थोरली म्हणते, गप्प बसल्यावर गाठोड्यात तसंही काही जात नाही. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी तेच केलं असतं.

७

दार लागलं. कानांवर हेडफोन होते, त्यातून मला पलीकडच्या पेटीचा आवाज यायचा, म्हणजे माझाच. काचेतून दिसत होतं, गुळचट आणि बायको पेटीकडे तोंड करून बसले होते, माझ्याकडे पाठ. थोरली उभी होती, माझ्याकडे बघत.

मी पुकारलं. अभिमानानं सांगतो, झकास पुकारलं. छत्रीची दांडी, छत्रीचं कापड, आत एकही भोक नाही आणि मालकाच्या डोक्यात मात्र शंकाच शंका. बायकोची पाठ हसताना हलली. गुळचटानंच गंमत म्हणून हात वर करून बोली लावली. एक वार, मी म्हटलं. थांबलो. दोन वार.

आणि तोंड मिटलं.

फोमच्या खोलीत शांतता कानांत कापूस कोंबल्यासारखी असते. स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. मी छत्री मांडीवर ठेवली, दातांवर दात दाबले आणि वाट बघत बसलो.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

मी घेतला नव्हता. मी तर रोखून धरला होता.

"तीन वार."

नेमकं तिथं. जिथं मी म्हटलं असतं, अगदी तिथंच, एक केसभर अलीकडं नाही की पलीकडं नाही. मला सगळ्यांत जास्त कशानं हादरवलं असेल तर यानं. ती जागा मी ठरवतो असं मी जन्मभर धरून चाललो होतो.

मग तो पुढं बोलला. म्हणाला, घ्या साहेब, तुमचीच छत्री तुम्हाला, आता पावसावर तरी विश्वास ठेवा. काचेपलीकडं दोघांच्याही पाठी हसण्यानं हलल्या. हा विनोद मला सुचला नव्हता. पण माझाच होता, आणखी थोडा वेळ दिला असता तर सुचला असता.

बायको पेटीकडे वाकून काहीतरी म्हणाली. पुरे झालं आता, घरी चला, असंच असणार. हेडफोनमध्ये माझा आवाज उत्तरला, आलोच, तू चप्पल घाल. मी डाव्या हातानं स्वतःचा जबडा घट्ट धरून ठेवला होता. तो हलत नव्हता, एवढं मी लिहून देतो. वर बघितलं तर थोरली काचेला लागून उभी होती. तिची नजर माझ्या तोंडावर होती, आणि तिचं स्वतःचं तोंड उघडंच राहिलं होतं.

८

मी बाहेर आलो तेव्हा गुळचट थोरलीपुढं हात जोडून उभा होता. फाइल रिकामी, छत्री त्याची, विषय त्याचा, आणि आवाज बायकोनं शपथेवर ओळखलेला. तो म्हणत होता, मॅडम, माझी चूक झाली, हे काय आहे ते मला कळत नाही पण यात लबाडी नाही. तुमची जागा कायम.

मग तो माझ्याकडे वळला.

"काका, फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. हे सगळं तुम्हीच बोललात ना?"

"म्हणजे काय," बायको म्हणाली, "मी माझ्या कानांनी ऐकलं की."

आता माझी पंचाईत बघा. तीन वार मी म्हटलं नाही हे खरं. मी आयुष्यात कुणाच्या शब्दावर आपलं नाव लावून घेतलेलं नाही. पण नाही म्हणावं तर पोर पुन्हा लबाड ठरते, आणि या वेळी बापाच्या साक्षीनं. हो म्हणावं तर माझा शब्द कायमचा दुसऱ्याच्या पदरात. थोरली माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही. तुम्हाला वाटेल ते बोला, असं तिचं उभं राहणं होतं. असली पोर मी वाढवली.

मी विचार करत होतो. माझं तोंड अजून मिटलेलंच होतं, असं मी म्हणतो.

"हो, मीच."

सगळ्यांनी ऐकलं. गुळचटानं समाधानानं मान डोलावली, बायको चप्पल शोधायला लागली. आवाज पेटीच्या अंगानं आला, की माझ्या, हे मला सांगता येईना. मी पेटीकडे बघितलं, मग थोरलीकडे.

पेटीची वायर तिनं आधीच उपसून हातात धरलेली होती.

९

थोरलीची नोकरी शाबूत आहे, उलट बढती मिळाली. माझा आवाज घातलेला प्रोग्राम तिनं स्वतःच्या हातानं मोडून टाकला आणि गुळचटाला तोंडावर सांगितलं की हा मी पुन्हा लिहिणार नाही, नव्यानं वेगळा लिहीन. त्यानंही निमूट ऐकलं. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मी तिला बोलून दाखवलेलं नाही. इथं लिहिलंय, तिनं वाचावं.

मी घरी आहे. बरं चाललंय. कमी बोलतो, पण तो वयाचाही भाग असेल.

परवा संध्याकाळी मी दाढी करून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बायकोचं बोलणं ऐकू आलं. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे तोंड करून काहीतरी विचारत होती. मग थांबली. मग म्हणाली, असू दे हो, झालं गेलं. मग पुन्हा थांबली, आणि हसली, हल्ली ती हसत नाही तशी. मला फक्त तिचीच बाजू ऐकू येत होती. पण ती जिथं थांबत होती त्या जागा मी ओळखल्या. किती लांब, कुठं संपायच्या, सगळं. त्यांत एक माणूस नेमका मावत होता.

मी दार ढकललं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. माझी खुर्ची जराशी कुरकुरत होती, नुकतंच कुणी उठून गेल्यावर कुरकुरते तशी.

मी विचारलं, कुणाशी बोलत होतीस? ती पदराला हात पुसत बाहेर आली. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला तजेला.

"कुणाशी म्हणजे? तुमच्याशीच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून माफी मागितलीत, आणि आता साळसूदपणे विचारताय."

मी तिला सांगितलं, मी आत्ता आलोय, अजून चप्पल पायात आहे, गालाला साबण आहे, हात लावून बघ. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मघाशी किती छान बोलत होतात.

कुणीतरी माझ्या खुर्चीत बसून माझ्या आवाजात वाकलं आणि तिनं ते माझं म्हणून घेतलं. ती म्हणते, मी म्हणालो. मी म्हणतो, नाही. गेले दोन दिवस आमच्यात एवढंच बोलणं आहे, निदान माझ्या बाजूनं. आत्ता मी हे लिहितोय तर आत ती पुन्हा बोलायला लागली आहे. मी उठणार नाही. माझा शब्द मला ओळखता येतो, दुसऱ्या कुणाला येवो न येवो. माफी बाकी आहे हे खरं, पण ती मी मागायची नाही. ती मागायची आहे माझ्या बायकोनं, दुसऱ्याचा शब्द माझा म्हणून घेतला त्याची.